रवंथ करणारी गाडी

"तोंड बघू नको. तोंड सगळ्यांचंच गरीब असतंय. मागून चाल."

आबांचं हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सिल्लोडचा बाजार भरला होता आणि आबांना मेंढरांच्या कळपासाठी एडका घ्यायचा होता. विकणारा एडक्याचा जबडा फाकवून दात दाखवत होता, शिंगं दाखवत होता, पाठीवर थापा मारत होता. आबांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एडका सोडायला लावला आणि ते त्याच्या मागं चालत निघाले, गाड्यांच्या रांगेपलीकडं, पार ओढ्यापर्यंत. आबांच्या मागं मी. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "डाव्या मागल्या पायात कसर हाय." मालकानं मान खाली घातली.

लहानपणी कानात पडलेली अशी गोष्ट रक्तात उतरते आणि नको त्या ठिकाणी वर येते. चव्वेचाळीस वर्षांनी, जालना रोडवरच्या एका काचेच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक मुलगा मला म्हणाला, "सर, टेस्ट ड्राइव्ह घ्या ना," तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुम्ही चालवा. मी मागून चालतो."

तो मुलगा शिकलेला होता. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हे त्याला शिकवलेलं होतं. त्यानं ती पांढरीशुभ्र गाडी रस्त्याच्या कडेला काढली आणि माणसाच्या चालीनं चालवायला लागला. मी हात पाठीशी बांधून, मान खाली घालून, चारी चाकं बघत मागून निघालो. माझ्या मागं शोरूमचा वॉचमन, कारण मी कोण आहे याची त्याला खात्री नव्हती. गाडीचा आवाज म्हणावा तर काहीच नाही. फक्त चाकाखाली वाळू कुरकुरत होती. मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्यानं हे दृश्य पाहिलं, हॉर्नवरचा हात काढला, रिक्षा बाजूला घेतली आणि हात जोडले. पांढरी गाडी, तिच्यामागं मान घालून चालणारा माणूस. त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं.

चाल मात्र निर्दोष होती. कसर कुठंच नव्हती.

आता मला गाडी कशाला हवी होती, तर मेंढरांसाठी. हे वाक्य मी शोरूममध्ये उच्चारलं नाही, पण खरं कारण तेच. आमच्या आबांची, म्हणजे मल्हाररावांची, त्रेचाळीस मेंढरं. गाव जळगाव रोडवरून फाटा फुटून आत, घरापासून साठ किलोमीटर. त्या वर्षी पाऊस आला तो पाहुण्यासारखा, चहाही न घेता गेला. दिवाळीतच माळ करडा पडला. मी सरकारी कचेरीत धरणाच्या पाण्याची पातळी रोज कागदावर उतरवणारा लिपिक. त्या वर्षी मला काम कमी होतं, कारण उतरवायला पाणीच नव्हतं. शहरात नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी, आणि तरी बायपासच्या पलीकडं रोज एक नवी इमारत उगवायची. पावसाशिवाय उगवणारं त्या साली तेवढंच एक पीक होतं.

आबांनी मेंढरं विकून आमच्याकडं यावं, हे मी पूर्वी सारखं म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी चावडीसमोर दहा माणसांत त्यांनी मला शब्द दिला होता. "ज्या दिशी कळप एकट्यानं माघारी आणता येणार नाय, त्या दिशी इकून टाकतो आन तुझ्या दारात येऊन बसतो. तवर बोलायचं नाय." आबा शब्दाचे पक्के. त्यामुळं मी बोलत नव्हतो, फक्त वाट बघत होतो, आणि अशी वाट बघणं हे चांगल्या मुलाचं लक्षण नव्हे, हेही मला कळत होतं. दर रविवारी चारा पोचवायचा, तेवढंच माझ्या हाती होतं. टेम्पोवाला दर खेपेला भाव वाढवायचा आणि वर दुष्काळाबद्दल हळहळायचा.

म्हणून गाडी. पण कुठली?

आमच्या शेजारी बद्रीनाथराव राहतात. वाळूजच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ते दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढत होते. निवृत्त झाल्यावर ती सवय त्यांनी घरी आणली. मी गाडी घेणार ही बातमी माझ्या बायकोच्या, अंबिकेच्या, तोंडून त्यांच्या घरात गेली, आणि संध्याकाळी ते कट्ट्यावर येऊन बसले.

"रामहरीराव, डिझेल घ्या. वजन वाहायचं म्हणल्यावर डिझेल. आमच्या बजाजनगरला एकानं पेट्रोल घेतली, रोज रडतोय."

"का?"

"ते त्याचं वेगळं कारण आहे. पण रडतोय."

पुण्याहून श्रेयाचा, माझ्या मुलीचा, फोन आला. तिचं म्हणणं, "पप्पा, आता धूर सोडणारी गाडी घेणार तुम्ही? तुमच्याच आबांच्या माळावर पाऊस पडत नाही आणि तुम्ही? इलेक्ट्रिक घ्या." मला पटलं. मी गावाकडं फोन लावला. फोन माय उचलायची, कायम. आबांना फोन आवडत नाही, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, "माय, लाईटीचं कसं हाय?"

"आली तर ऱ्हाती," माय म्हणाली. "रातच्याला येती म्हंत्यात. आमी निजल्यावर येती आन उठायच्या आत जाती. आमी तिला बघितली नाय."

म्हणजे इलेक्ट्रिक गाडी गावी पोचली असती, पण गावातच राहिली असती. इथं कॉलनीत चार्जिंगची परवानगी मागायची तर आमच्या कमिटीचे सचिव रामप्रसाद. हा माणूस गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा लेखी अर्ज मागतो. डिझेलचं काय होणार ते सांगता येत नाही, असं पेपरवाले रोज सांगत होते. आणि नुसत्या पेट्रोलवर दर रविवारी एकशेवीस किलोमीटर, वर रोजचं ऑफिस, म्हणजे मेंढरांच्या आधी मीच वाळलो असतो.

अशा अडवणुकीत माणूस हायब्रीड घेतो. लोक काहीही सांगोत, पर्यावरण, तंत्रज्ञान, भविष्य. मी जितके हायब्रीडवाले पाहिले ते सगळे असेच. एका बाजूला जिचा भरवसा नाही अशी वीज, दुसऱ्या बाजूला परवडत नाही असं पेट्रोल, आणि मधे दोन्हीकडं संसार असलेला थकलेला माणूस. त्याला कुणीतरी सांगावं लागतं की बाबा, दोन्ही चालेल, एकच निवडायची गरज नाही. शोरूममधल्या मुलानं मला तेच सांगितलं.

"सर, ही स्वतःच चार्ज होते. तुम्ही ब्रेक मारला, उतारावर सोडली, की आतली बॅटरी भरते. हळू चालताना ती बॅटरीवर चालते, पेट्रोल बंद."

"म्हणजे रवंथ करते," मी म्हणालो.

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला समजावलं, की जनावर चरताना घाईघाईनं ओरबाडतं आणि निवांत बसलं की तेच पुन्हा वर आणून चघळतं. चारा एकच, फायदा दोनदा. तो म्हणाला, "सर, एवढं आम्हालाही ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं." माझ्या आयुष्यात गाडीबद्दल मिळालेली ती शेवटची शाबासकी.

गाडी यायला दोन महिने लागले. त्यात शहराचं नाव बदललेलं. माझ्या आधार कार्डावर नवं नाव, घरपट्टीच्या पावतीवर जुनं. शोरूमचं कॉम्प्युटर म्हणे दोन्ही पत्ते एक असल्याशिवाय पुढं सरकत नाही. तिथल्या मुलीनं मला विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुठं राहता?" बावन्न वर्षांच्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी प्रतिज्ञापत्र करून दिलं, की ह्या दोन्ही शहरांत राहणारा रामहरी मल्हारराव एकच इसम असून तो मीच आहे. ते करून बाहेर पडताना मला स्वतःबद्दल उगाच थोडी शंका आली.

गाडी आली. अंबिकेनं ओवाळलं, बद्रीनाथरावांनी चाकांना लाथा मारून पाहिल्या, आणि चौथ्या दिवशी कमिटीची नोटीस आली. ‘आपण आपल्या विजेवरील वाहनाचे चार्जिंग सामाईक मीटरवरून करीत असल्याचा सभासदांना संशय आहे. खुलासा करावा.’

मी रामप्रसादांकडं गेलो. "साहेब, ह्या गाडीला प्लगच नाही."

"विजेची गाडी आहे ना?"

"अर्धी."

"मग अर्धा प्लग असेल. लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यावर उत्तर आलं, की प्लग नसल्याचा पुरावा जोडावा. मी शोरूमला गेलो. तिथले मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सर, गाडीत जे आहे त्याचं पत्र आम्ही देतो. जे नाही त्याचं कसं देणार? नसलेल्या खूप गोष्टी आहेत." त्यांचंही खरं होतं. मग एका रविवारी सकाळी कमिटीचे पाच सभासद पाहणीला आले. त्यांनी बॉनेट उघडलं, डिकी उघडली, सीटखाली हात घातले. बद्रीनाथराव निमंत्रण नसताना आले आणि त्यांनी पेट्रोलचं झाकण उघडून दिलं. पाचही जणांनी आळीपाळीनं आत डोकावलं. रामप्रसादांनी वास घेतला. "पेट्रोल आहे," ते म्हणाले. आवाजात निराशा होती. ठराव असा झाला: ‘प्लग आढळून आला नाही. तथापि भविष्यात आढळल्यास त्यास सभासद स्वतः जबाबदार राहील.’

मी सही केली. तोवर साडेअकरा झाले होते आणि गाडीत चाऱ्याची पोती होती.

गावी पोचलो तेव्हा कळप वाटेवरच होता. मी वेग कमी केला, गाडी बॅटरीवर गेली आणि एखाद्या सावलीसारखी मेंढरांच्या मागं जाऊन उभी राहिली. एकानंही मागं वळून पाहिलं नाही. एरवी जीपचा घर्रर्र आवाज आला की मेंढरं आपोआप दुभंगतात. इथं आवाजच नाही तर दुभंगणार कशाला? हॉर्न वाजवायची सोय नव्हती. कळपात हॉर्न वाजवलेला आबांना चालत नाही, मेंढरं बिथरतात, गाभण असलेल्या पडतात. तेव्हा साडेचौदा लाखांची गाडी त्रेचाळीस मेंढरांच्या मागं दीड किलोमीटर रांगत घरी आली. आत मी, बाहेर धूळ. पुढं काठी घेऊन आबा आणि बाजूनं माय. गेल्या दोन वर्षांपासून मायही रानात जायला लागली होती. घरी बसून तिचं अंग धरतं, असं आबा सांगत.

दारात आल्यावर आबांना गाडी दिसली. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. जनावराला ताप आहे का बघतात तसा.

"गार हाय."

"आबा, आता बॅटरीवर आहे. पेट्रोल बंद आहे."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. रवंथाची गोष्टसुद्धा. मला वाटलं होतं, रवंथ तरी त्यांना पटेल. शेवटी मी विचारलं, "मग, कशी वाटली?"

"दोन पोती पुरं. तिसरं कामून आणलं?"

हा आबांचा स्वभाव. एखादी गोष्ट पटली नाही की ते तिच्याबद्दल बोलतच नाहीत. मग त्यांनीच निकाल दिला, "मुकी हाय. मुकं जनावर कळपात ठेवत नाय. त्याचं दुखणं कळत नाय आन त्याच्यापायी दुसऱ्याला इजा व्हती." मी म्हणालो, चला, एक चक्कर मारू. ते गाडीत बसायला तयार झाले नाहीत. माय पोत्याला टेकून बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुणगुणल्यासारखं म्हणाली,

दारी उभी नवी गाडी, ना हंबरे ना गं खाई,
लेक भोळा माझा पुसे, बसतीस का गं माई?

माय अशी ओवी उभ्या उभ्या करते आणि लगेच विसरते. मला मात्र ती घरी येईपर्यंत पुरली.

‘ना गं खाई’ हे मात्र पुढं खोटं ठरलं. तिसऱ्या महिन्यात गाडीच्या काचेमागं एक लाल दिवा लागला. हायब्रीडमधली बॅटरी मागच्या सीटखाली, आणि तिला वारा लागावा म्हणून सीटच्या कडेला एक जाळी असते. ही जाळी कशासाठी हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, आणि मागच्या सीटवर दर रविवारी मक्याची कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, भरलेली पोती ठेवत होतो. सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकनं जाळी उघडली, आत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. पुन्हा घातला. पुन्हा मूठ. आजूबाजूचे मेकॅनिक जमले.

"चाचा, ये क्या खिला रहे आप इसको?"

"कुट्टी," मी म्हणालो.

"इसकू बोले तो पंखा लगता, हवा लगती. आपने तो पूरा गोठा बना दिए."

त्यानं सगळी कुट्टी एका पिशवीत भरून बिलासोबत माझ्या हातात दिली. जुना काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, असा त्यांचा नियम आहे. मी ती पिशवी पुढच्या रविवारी गावी नेली. दुष्काळात कुट्टी टाकून देत नाहीत. मेंढरांनी खाल्ली.

बद्रीनाथराव म्हणाले, "मी म्हणलो होतो, डिझेल घ्या."

त्याच रविवारी आबांनी घंटा काढली. त्यांच्या जुन्या एडक्याच्या गळ्यातली, काशाची, मुठीएवढी. एडका मागच्या उन्हाळ्यात मेला, तेव्हापासून ती घंटा तुळईला टांगलेली होती. आबांनी ती खाली घेतली, कानाशी नेऊन हलवली, पुन्हा हलवली, पुन्हा. त्यांना घाई नव्हती. मग मायकडं बघून म्हणाले, "वाजती का नीट?" माय म्हणाली, "वाजती." त्यांनी स्वतः वळलेल्या लोकरीच्या दोरानं ती गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली. गाठ अशी, की सोडवायची तर दोर कापावा लागेल, आणि आबांनी वळलेला दोर कापायची आमच्या घरात रीत नाही.

"आता वाचा आली तिला," ते म्हणाले.

मेंढरांसाठी उपाय अचूक होता. घंटा वाजली की कळप दुभंगायचा आणि गाडी मधून जायची. अडचण शहरात होती. खड्डा आला की घंटा, गतिरोधक आला की घंटा. सिग्नलला थांबताना एक शेवटचा टोला. शेजारच्या मोटारसायकलवरची बाई मला म्हणाली, "भाऊ, कुल्फी कशी दिली?"

सोमवारी सकाळी साडेसातला मी ऑफिसला निघालो. कुट्टीचा वास जावा म्हणून मागच्या काचा खाली केलेल्या. कॉलनीच्या गल्लीत ओळीनं तीन गतिरोधक आहेत, रामप्रसादांच्या ठरावानं केलेले. पहिल्यावर घंटा वाजली आणि दोन दारं उघडली. दुसऱ्यावर वाजली तेव्हा पाच बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. कचरा नेणारी घंटागाडी त्या आठवड्यात आली नव्हती आणि लोक कान लावून बसले होते. तिसऱ्या गतिरोधकाशी चंपाबाई उभ्या होत्या. त्यांचं वय पंच्याऐंशी आणि चष्मा जुना. त्यांनी मागच्या काचेतून एक पिशवी आत ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"ही ओली, ती सुकी. काल कामून आला नाय रं?"

मी पिशवी घेतली. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हातात दिलेली वस्तू नाकारता येत नाही. मी म्हणालो, "उद्यापासून वेळेवर येतो, मावशी." तोपर्यंत मागं बायकांची रांग लागली होती, आणि मला ओळखणाऱ्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसत होत्या. घरी आल्यावर अंबिका फक्त म्हणाली, "माझ्या बादलीतलं तेवढं राहिलंय."

दुसरी नोटीस त्याच संध्याकाळी आली. ‘निवासी परिसरात घंटा वाजवून सभासदांची दिशाभूल करणे.’ मी तिला उत्तर दिलं नाही. थकवा असा असतो, की माणूस एका टप्प्यानंतर खुलासा करायचं सोडतो. दोर कापायचा नव्हता, घंटा तशीच राहिली. मी गतिरोधकावरून गाडी इतकी हळू न्यायला शिकलो, की घंटा डुलायची पण बोलायची नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बद्रीनाथराव म्हणाले, "मी येतो तुमच्यासोबत. एकदा बघतो, गाडीचं नेमकं काय चुकतंय." ते पुढं बसले आणि साठ किलोमीटरभर आवाज नसलेल्या इंजिनातले आवाज ऐकत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूला माळ भाजलेल्या भाकरीसारखा. टँकरच्या मागं हंडे घेऊन धावणारी माणसं दोन गावांत दिसली. फाट्यावरून आत वळलो तेव्हा दहा वाजले असतील, पण ऊन दुपारचं होतं.

टँकर नुकताच हौद भरून गेला होता. कळप हौदाभोवती दाटला होता आणि आबा हौदाच्या काठाशी, आमच्याकडं पाठ करून, काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मी गाडी हळू आत घेतली. वाट दगडाची, त्यामुळं घंटा मनापासून वाजत होती. मागची मेंढरं दुभंगली. मधली दुभंगली. पुढची कोकरं टणाटणा उड्या मारत बाजूला झाली. माय पलीकडून हात हलवत होती. वाट थेट आबांपर्यंत मोकळी झाली, आणि आबा हलले नाहीत.

मला राग आला. आजवर मेंढरांनी ऐकलं, रस्त्यानं ऐकलं, चंपाबाईंनी ऐकलं, आणि हा माणूस मुद्दाम ऐकत नाही. बघतोच किती वेळ, असं माझ्या मनात आलं. हे मी लिहितो आहे कारण ते खरं आहे. मी आणखी दोन हात पुढं घेतली. घंटा त्यांच्या गुडघ्यामागं वाजत होती. माय ओरडत धावली, मी ब्रेक दाबला, आणि गाडी आबांच्या धोतराला लागली. जोराची नाही, पाडसानं ढुशी द्यावी तेवढी. पण आबा वाकले आणि हौदात बसले.

मी दार उघडून पळालो. पाणी गुडघाभर होतं. त्यांना कुठं लागलं नव्हतं, पागोटं भिजलं होतं आणि काठी तरंगत होती. त्यांना उभं करताना मी बडबडत होतो, "माय, घंटा वाजत होती ना? सगळ्यांना ऐकू आली ना? सांग ना." मायनं आबांकडं पाहिलं आणि मग खाली, पाण्याकडं.

बद्रीनाथराव घंटेला टिचकी मारून बघत होते. "रामहरीराव, धातूच हलका आहे. पितळेची जड बसवू, आवाज भरीव येईल."

आबांनी माझा हात सोडला. ओलं धोतर पिळलं. मग गाडीला वळसा घालून गेले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले, बद्रीनाथरावांच्या जागेवर. मला खुणेनं बोलावलं. मी आत बसलो. त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेर मेंढरं पुन्हा हौदाकडं सरकत होती.

"वाजत व्हती का?" त्यांनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय?"

"घंटा."

"व्हय, आबा."

त्यांनी मान हलवली. सीटवरून पाण्याचे थेंब खाली पडत होते. समोरच्या काचेतून त्यांनी कळपाकडं पाहिलं, एकेक मेंढरू मोजावं तसं. मी काही बोललो नाही. बोलायचं नाही, असं ठरलेलंच होतं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आधी चिमण्या गेल्या. मग घंटा गेली. तुझ्या मायला ठावं हाय, ती संगं येती म्हनून कळप माघारी येतो. तुला सांगितलं असतं तर त्या दिशीच मला माझा शब्द पाळावा लागला असता, म्हनून नाय सांगितलं. ही गाडी आणली तवा मला लई बरं वाटलं रं. म्हनलं, एक तरी अशी चीज हाय जी कुनालाच ऐकू येत नाय." त्यांनी ओलं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माणसांचं ओठ बघून भागतं. मेंढरं पाठ करून चरत्यात."